चाक उलटं फिरलं म्हणजे एलएसडी नाही? जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या गिअरबॉक्समध्ये खरंच काय बसलंय ते ओळखण्याबद्दल

जून लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळते. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, हौसेने घेतलेली. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं असतं, "एलएसडी आहे बरं का, कंपनी फिटेड." (डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच; एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक जागेवर फिरत राहू नये म्हणून बसवलेला त्याचा प्रकार.) मग एक दिवस नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला मुरमाच्या वाटेवर मागचं एक चाक चिखलात जातं. तेवढंच जागेवर भिंगरीसारखं फिरतं, दुसरं ढिम्म. मालक जवळच्या गॅरेजला जातो. तिथे कुणीतरी मागची दोन्ही चाकं उचलतं, एक हाताने फिरवतं, दुसरं उलट्या दिशेने फिरतं आणि निकाल लागतो: "शेठ, फसवलं तुम्हाला. साधंच डिफरन्शियल आहे."

निकाल कधीकधी बरोबर असतो. पण तो ज्या तपासणीवर लावलेला असतो ती अर्धी असते. असे "नाही" ठरलेले गिअरबॉक्स आम्ही नाशिकच्या अंबडला उघडले तेव्हा काहींच्या पोटात चक्क एलएसडी निघालं, फक्त झिजलेलं. उलट "आहे" म्हणून चढ्या भावाने विकलेल्या एका गाडीत वेल्डिंग मारून घट्ट केलेलं डिफरन्शियल होतं. त्यामुळे माझा हिशोब असा: हाताने चाक फिरवून "आहे" असं उत्तर आलं तर आणखी एक तपासणी करायची. "नाही" असं आलं तर मात्र एवढ्यावर थांबायचंच नाही.

आत काय चालतं

साध्या डिफरन्शियलमध्ये स्टार पिनियन, म्हणजे मधले छोटे गिअर, दोन्ही चाकांकडच्या साइड गिअरना सारखाच जोर देतात. सारखाच म्हणजे किती? तर ज्या चाकाची पकड कमी, त्याला झेपेल तेवढाच. डावं चाक चिखलात असून फक्त १०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर डांबरावरच्या उजव्यालाही १०० मिळतात, मग इंजिन कितीही दणकट असो.

एलएसडीमध्ये आत मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं, बहुतेकदा एकमेकांवर घासणाऱ्या प्लेटांचं, त्यामुळे पकड असलेल्या चाकाला जास्तीचा जोर जातो. किती जास्त, ते लॉकिंगच्या टक्केवारीवरून कळतं. बीएमडब्ल्यूच्या ई-३० पिढीत २५ टक्क्यांचं एलएसडी यायचं. जुन्या पोर्शे ९११ मध्ये झेडएफ कंपनीचं ४० टक्क्यांचं मिळायचं. टक्केवारीचा अर्थ एकूण जोराच्या तुलनेत दोन चाकांमधला फरक. २५ टक्के म्हणजे वाटणी ६२.५ आणि ३७.५, म्हणजे चिखलातल्या चाकाने १०० पेलले तर दुसऱ्याला १६७ च्या आसपास. ४० टक्के म्हणजे ७० आणि ३०, तिथे दुसऱ्याला २३३.

आता गंमत बघा. चिखलातल्या चाकाची पकड शून्य असेल, किंवा चाक हवेतच असेल, तर शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. अशा वेळी कामाला येतो तो फक्त प्रीलोड, म्हणजे आतल्या प्लेटांना स्प्रिंगने कायम दाबून ठेवलेला जोर. हा प्रीलोड झिजेने गेला की उचललेल्या गाडीत एलएसडी हुबेहूब साध्या डिफरन्शियलसारखं वागतं. रस्त्यावर दोन्ही टायर टेकलेले असताना तेच एलएसडी थोडंफार काम करत असतं, कारण अॅक्सिलरेटर दाबल्यावर आतले उतार प्लेटांना दाबतात. गोंधळाचं मूळ इथे आहे.

स्पोर्ट्‌स कारमध्ये आणखी एक अडचण असते. पोर्शेच्या ९११ मध्ये इंजिन मागे, ९२४ आणि ९४४ मध्ये पुढे; पण तिन्हींत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच केसिंगमध्ये, मागच्या चाकांमध्ये. अल्फा रोमिओची अल्फेटा आणि जीटीव्ही-६ यांचंही तेच. जीपसारखं मागे गोल हौसिंग, दहा बोल्ट काढले की क्राऊन-पिनियन समोर, असला प्रकार इथे नाही. म्हणूनच लोक बाहेरून अंदाज बांधतात आणि फसतात.

कागद आणि टॅग

अंगाला तेल लागायच्या आधी कागद बघा. पोर्शेचा एलएसडीचा ऑप्शन कोड २२० आहे, एम-२२० असाही लिहिलेला सापडतो. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांमध्ये ऑप्शनचं स्टिकर मेंटेनन्स बुकात असतं आणि ९११ च्या पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही चिकटवलेलं असतं. ई-३० बीएमडब्ल्यूच्या डिफरन्शियलवर पत्र्याची छोटी चकती असते. आकड्याच्या आधी एस असेल, उदाहरणार्थ एस ३.७३, तर ते एलएसडी. ही एस जर्मन 'श्पेर'ची. आकडा मात्र फक्त रेशोचा आहे, त्यावरून एलएसडीबद्दल काहीच कळत नाही. ३.८७५ रेशो आहे म्हणजे ८ दात आणि ३१ दात, बस. रेशो ऐकून "हां, हा एलएसडीवाला" म्हणणारे लोक भेटतात, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

कागदाला मर्यादा आहे. गाडी चाळीस वर्षांची, मालक पाच-सहा झालेले, गिअरबॉक्स मुंबईत कुणीतरी उघडलेला, त्याची नोंद कुठेच नाही. कोड २२० एवढंच सांगतो की कारखान्यातून निघताना एलएसडी होतं. चकती तर बोल्ट सैल करायची गोष्ट आहे, ती या डिफरन्शियलवरून त्या डिफरन्शियलवर जायला किती वेळ लागतो? कागद अनुकूल असतील तर हुरूप येतो, पण गाडी उचलावीच लागते.

उचलण्याआधी

जागा सपाट आणि पक्की हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी करा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आणि एक ताकीद ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावण्यासारखी आहे: एलएसडी असण्याची शक्यता असलेल्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. एलएसडीमध्ये जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारून समोरच्या भिंतीत जाते. गाडीवरच चाक बॅलन्स करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. खालच्या सगळ्या तपासण्या इंजिन बंद ठेवून करायच्या आहेत, गाडी चालवून करायच्या सोडून.

चाक फिरवायची तपासणी, नीट

दोन्ही मागची चाकं हवेत, हँडब्रेक सोडलेला. आता गिअर न्यूट्रल ठेवायचा की टाकायचा? इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गिअरमध्ये ठेवून, समजा पहिल्या गिअरमध्ये, एक चाक फिरवलं तर क्राऊन व्हील, म्हणजे इंजिनकडून जोर घेणारं डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक, जागेवर अडकलेलं असतं. मग काहीही हललं तर दुसरं चाक उलटंच फिरणार. साधं डिफरन्शियल असो की एलएसडी, दातांची रचनाच तशी आहे, तिसरा मार्ग नाही. म्हणजे गिअरमध्ये असताना दिशेला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो लागणाऱ्या ताकदीला. एका हाताने चाक सहज फिरलं तर आत घर्षण नाही, मग ते साधं असेल किंवा झिजलेलं. दोन्ही हातांनी टायर धरून, पाय रोवून ओढलं तरी हलत नसेल किंवा जड-जड सरकत असेल, तर प्लेटवालं एलएसडी जिवंत आहे (किंवा वेल्डिंग मारलेलं आहे, ते पुढे).

न्यूट्रलमध्ये मात्र दिशा बोलते. एक चाक पुढे फिरवलं आणि दुसरंही पुढेच फिरलं तर आत घर्षण आहे. दुसरं उलटं फिरलं तर घर्षण नाही किंवा फारच कमी आहे. दुसरं नुसतं उभं राहिलं तर आधी त्या बाजूचा ब्रेक बघा. जुन्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर धरून ठेवतात, हँडब्रेकची केबल गंजून अर्धी ओढलेलीच राहते. थोडासाही ब्रेक घासत असेल तर ही तपासणी बिनकामाची होते. शंका असेल तर सीव्ही जॉइंटचे बोल्ट काढून हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाकडे जाणारा दांडा, बाजूला करा आणि थेट गिअरबॉक्सची फ्लँज हाताने फिरवून बघा. ब्रेक, बेअरिंग, सगळ्याचा गोंधळ एका झटक्यात बाहेर.

दुसरी फसगत थंडीतली. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी होतो तेव्हा सकाळी ९० नंबरचं तेल केसिंगमध्ये गोठल्यासारखं घट्ट असतं. त्या घट्टपणामुळे साध्या डिफरन्शियलचीही दोन्ही चाकं कधीकधी एकाच दिशेने फिरतात आणि मालक खूश होऊन घरी जातो. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून, तेल गरम झाल्यावर बघा.

म्हणून दोन्ही करा. न्यूट्रलमध्ये दिशा बघा, पहिल्या गिअरमध्ये ताकद बघा. दोन्ही उत्तरं जुळली तर बरंच काही कळलं. नाही जुळली तर बहुतेक वेळा ब्रेक किंवा तेल मधे येतंय.

सगळी एलएसडी प्लेटवाली नसतात

हाताच्या तपासणीत "नाही" येण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे आत बसलेला प्रकारच वेगळा असतो.

टोर्सनमध्ये प्लेटाच नाहीत, सगळं काम तिरक्या दातांच्या गिअरमधल्या घर्षणाने होतं. अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीसमनचा हा शोध, पन्नाशीच्या दशकातला. माझदाच्या एमएक्स-५ मध्ये १८०० सीसी इंजिन आलं त्या पिढीत, १९९४ पासून, टोर्सन मिळू लागलं. त्याआधीच्या १६०० सीसीच्या गाड्यांत एलएसडी असेल तर ते व्हिस्कसवालं. टोर्सन कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या पटीत दुसऱ्याला देतं. चाक हवेत असेल तर पटीला काही उरतच नाही. त्यामुळे उचललेल्या गाडीत टोर्सन बहुतेकदा साध्यासारखंच वागतं, आणि त्यात काही बिघाडही नसतो.

टोर्सन ओळखायला एक उपाय आहे. एक चाक अडकलं असेल तेव्हा हँडब्रेक अर्धवट ओढून हळूच अॅक्सिलरेटर द्या. समजा हँडब्रेकने प्रत्येक मागच्या चाकावर ठरावीक ओढ आली. साध्या डिफरन्शियलमध्ये चांगल्या चाकाला तेवढाच जोर मिळतो आणि तो त्याचाच ब्रेक खाऊन टाकतो, हाती काही लागत नाही. टोर्सन समजा दुप्पट देत असेल, तर ब्रेकने खाल्ल्यावरही तेवढाच जोर उरतो आणि गाडी निघते. फरक चक्क जाणवतो. अर्थात मागच्या चाकांवर हँडब्रेक नीट, दोन्ही बाजूंना सारखा लागत असेल तरच.

व्हिस्कसमध्ये सिलिकॉनच्या दाट द्रवात पातळ चकत्या फिरतात. पहिल्या गिअरमध्ये चाक सावकाश फिरवलं तर फिरतं. जरा जोरात फिरवायला गेलात की हाताला विरोध वाढतो. वेगाबरोबर वाढणारा हा विरोध एकदा हाताला कळला की विसरत नाही. वर्षानुवर्षांनी द्रव बिघडतो किंवा गळतो, मग विरोध संपतो. याची दुरुस्ती सहसा होत नाही, पूर्ण युनिटच बदलावं लागतं.

आणि एक प्रकार नाशिककरांच्या रोजच्या बघण्यातला. थार इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात तयार होते, त्यामुळे तिचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. ईटनचं हे यंत्र दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की खटकन पूर्ण लॉक होतं, आणि तेही गाडी हळू, साधारण ताशी ३० किलोमीटरच्या आत असताना. मिनिटाला १०० म्हणजे सेकंदाला दीडाहून जास्त फेऱ्या. हाताने चाक फिरवून तिथे सहसा कुणी पोहोचत नाही. थारवर हात बसलेला मेकॅनिक जुन्या ९११ कडेही त्याच नजरेने बघतो. "चाक जोरात फिरू द्या, मग लॉक होईल" असं सांगतो. प्लेटवाल्या एलएसडीला हा सल्ला घातक आहे. ते खटकन लॉक होत नाही, नुसतं घासत राहतं, आणि चाक जितकं जागेवर फिरवाल तितक्या प्लेटा जळतात.

झिजलंय की नाहीच? पाइप आणि बॅगेचा काटा

ही तपासणी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते आणि ती सगळ्यात कमी केली जाते. नाव मोठं आहे, ब्रेकअवे टॉर्क, म्हणजे आतलं घर्षण सुटून चाक सरकायला लागणारा जोर. काम सोपं आहे.

आता एकच मागचं चाक उचला. दुसरं जमिनीवर, त्याला ठोकळे. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. उचललेलं चाक काढून हबवर एक जाड पट्टी बोल्ट करा. ९११ च्या पाच स्टडचा वर्तुळव्यास १३० मिमी आहे, म्हणजे शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर ७६ मिमीच्या जवळपास येतं. सातपूर-अंबडचा कुठलाही लेथवाला तेवढी दोन छिद्रं चहा होईपर्यंत पाडून देतो. पट्टीला पाइप जोडा, असा की हबच्या मध्यापासून ओढायच्या जागेपर्यंत बरोबर एक मीटर होईल. टॉर्क रेंच असेल तर उत्तमच. नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल हातकाटा पाइपच्या टोकाला अडकवा.

पाइप उभा ठेवून काटा आडवा ओढायचा. पाइप आडवा ठेवला तर त्याचं स्वतःचं वजन हिशोबात मिसळतं. हळूहळू ओढ वाढवा. हब सरकायला लागल्यावर, सलग सरकत असताना काटा काय दाखवतो ते वाचा. पहिला झटका सोडून द्या. काट्यावर ५ किलो आले आणि पाइप एक मीटरचा असेल, तर ५ गुणिले ९.८१, म्हणजे ४९ न्यूटन-मीटर. पाइप ८० सेंटिमीटरचा असेल तर तेच ३९.

किती असावं? तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानायचा, कारण प्रीलोड प्रत्येक बनावटीत वेगळा ठेवतात. पण ओळखण्यापुरतं सांगायचं तर साध्या डिफरन्शियलला सील, बेअरिंग आणि तेलाचीच ओढ असते, काटा जेमतेम हलतो. प्रीलोड शाबूत असलेल्या प्लेटवाल्या एलएसडीला काही किलो सहज लागतात, आणि ओढ सगळ्या फेरीभर सारखी असते. मधलंच काहीतरी आलं, फेरीत कुठे जड कुठे हलकं लागलं, तर आत एलएसडी आहे पण प्लेटा असमान झिजल्यात असा संशय घ्यायला हरकत नाही.

मुंबईहून आलेल्या एका ९११ एससीत नेमकं हेच झालं. १९७८ ते ८३ मधल्या या गाड्यांत ९१५ गिअरबॉक्स असतो. न्यूट्रलमध्ये चाकं उलटी फिरत होती, दोन गॅरेजांनी "नाही" सांगितलेलं, मालक विकणाऱ्याशी भांडायच्या तयारीत. काट्यावरचं वाचन साध्यापेक्षा स्पष्ट जास्त होतं, पण फेरीत वर-खाली. आमच्याकडच्या जुन्या फिटरकाकांनी काटा बघितला आणि म्हणाले, "भांडण नको करू म्हणावं भाऊला. माल आहे, म्हातारा झालाय." गिअरबॉक्स उतरवून बाजूचं झाकण काढलं. बंद ड्रमसारखं केसिंग, आत प्लेटा, आणि दोन प्लेटांवरचा थर पार गेलेला.

डोळ्यांनी बघायचं असेल तर

तेल बदलायची वेळ आलीच असेल तर ही संधी सोडू नका. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटांत घेऊन चोळा. बारीक, काळपट, मऊ लगदा थोडा असणं हे झिजेचं सर्वसाधारण लक्षण. चमकणारे तुकडे, सुया, कपच्या असतील तर प्रश्न एलएसडीचा उरत नाही, गिअर-बेअरिंगचा होतो.

मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो. भरण्याच्या किंवा ड्रेनच्या भोकातून आत घालून क्राऊन व्हीलला चिकटलेलं केसिंग शोधा, दुसऱ्याला चाक हळूहळू फिरवायला सांगा. साध्या डिफरन्शियलच्या केसिंगला मोठ्या खिडक्या असतात आणि त्यातून स्टार पिनियनचे दात, मधली आडवी पिन दिसते. प्लेटवाल्याचं केसिंग जवळजवळ बंद, दोन तुकडे बोल्टांनी जोडलेले. कोणत्या भोकातून किती दिसेल हे केसिंगवर अवलंबून, म्हणून नाही दिसलं तर निष्कर्ष काढू नका. ई-३० सारख्या गाडीत डिफरन्शियल वेगळं आहे, मागचं झाकण काढलं की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष. झाकणाच्या पॅकिंगची तयारी ठेवा.

वेल्डिंग मारलेलं

रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे नाशिकला मातीवर गाडी पळवायची हौस जुनी आहे, आणि हौसेबरोबर जुगाडही येतात. स्टार पिनियनवर वेल्डिंग मारलं की दोन्ही चाकं कायमची एक होतात. न्यूट्रलमध्ये दोन्ही एका दिशेने फिरतात, म्हणून ते एलएसडी म्हणून खपतं. ओळख सोपी आहे: पहिल्या गिअरमध्ये पाइप लावून कितीही ओढा, दातांमधल्या फटीएवढं हलून थांबतं. एलएसडी एका ओढीला सुटतं आणि मग सरकत राहतं. शिवाय आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की आतला टायर फरफटतो, गाडी वळायलाच कुरकुरते. ओल्या कसारा घाटात हे असलं डिफरन्शियल घेऊन उतरणं मला तरी पटत नाही. विकणारा गाडी उचलूच देत नसेल तर भाव साध्या डिफरन्शियलच्या गाडीचा लावा आणि बोलणी तिथून सुरू करा.

रस्त्यावरची तपासणी

मोकळं, खासगी मैदान, आजूबाजूला माणसं नाहीत. मागचं एक चाक सैल मुरमावर, दुसरं पक्क्या जागेवर. पहिल्या गिअरमध्ये हळू सुरुवात, मग थोडा जोर. दोन्ही चाकांनी ओढल्याच्या दोन खुणा उठल्या की एकाच चाकाची एक, ते उतरून बघा. कडेला उभ्या माणसाने लांबूनच बघायचं, गाडीच्या मागे नाही. एवढंच. डांबरावर टायर जाळून काळे पट्टे काढायची गरज नाही, पोलीस आणि टायरवाला दोघेच खूश होतात.

वळताना कटकट, आणि तेलाचा पेच

काही वेळा गाडीच स्वतःहून उत्तर देते. तेल बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये हळू, पूर्ण वळताना मागून कुर्र-कटकट, हलके धक्के. सीव्ही जॉइंट असता तर टकटक चाकाच्या वेगाबरोबर लयीत वाढली असती. इथे आवाज अनियमित, प्लेटा चिकटून सुटल्याचा. म्हणजे आत प्लेटवालं एलएसडी आहे आणि तेलात लिमिटेड स्लिपसाठीचं फ्रिक्शन मॉडिफायर नाही.

मग मॉडिफायर ओतायचं? ई-३० सारख्या वेगळ्या डिफरन्शियलमध्ये बिनधास्त, एलएस लिहिलेलं तेल घ्या. ९१५ सारख्या गिअरबॉक्समध्ये पेच आहे, कारण तेच तीनेक लिटर तेल सिंक्रोलाही, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगांनाही, लागतं. प्लेटांना तेल निसरडं हवं, सिंक्रोच्या रिंगला पकड हवी. मॉडिफायर जास्त झालं की गिअर पडायला आळशी होतो, आणि ९१५ चा सिंक्रो मुळातच घाई सहन करत नाही. मॅन्युअलमध्ये एलएसडीवाल्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलं तेलच भरायचं. वरून बाटली ओतायचीच झाली तर थोडी-थोडी, कटकट थांबेपर्यंतच.

त्या एससीला नव्या प्लेटा आणि योग्य तेल भरल्यावर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात सावकाश फेऱ्या मारून घेतल्या, दोन्ही बाजूंना वळवत, म्हणजे तेल प्लेटांमध्ये मुरतं. पहिल्या काही फेऱ्यांत कुर्र झालं, मग गेलं. पुन्हा उचलून काटा लावला तेव्हा ओढ फेरीभर सारखी होती. तो आकडा, पाइपची लांबी आणि तारीख मालकाच्या मेंटेनन्स बुकात, २२० कोडच्याच पानावर लिहून दिली. पुढच्या वेळी कुणी "नाही" म्हणालं तर तुलनेला काहीतरी हवं.